इंजिनला गिअरबॉक्स जोडताना: घरी बांधलेल्या रेस गाडीसाठी मोजमापापासून पहिल्या चाचणीपर्यंत

घरी बांधलेल्या रेस गाडीत बहुधा इंजिन एका गाडीचे असते आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा. या दोहोंची जोडणी म्हणजे भोके जुळवून बोल्ट आवळणे, एवढीच अनेकांची समजूत असते. पुढे काही फेऱ्यांतच गिअर आपोआप सुटू लागतो, पायलट बेअरिंग (गिअरबॉक्समध्ये ताकद आणणाऱ्या इनपुट शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टमध्ये ज्यावर टेकते ते छोटे बेअरिंग) जळते, क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटतात आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. पुष्कळदा गिअरबॉक्स निर्दोष असतो. क्रँकशाफ्टची मध्यरेषा आणि इनपुट शाफ्टची मध्यरेषा एक नसते, आणि ती एक आहे की नाही हे कोणी मोजलेलेच नसते.

बोल्ट दोन भागांना घट्ट धरून ठेवतात, पण त्यांची जागा ठरवत नाहीत. बोल्टाचे भोक बोल्टापेक्षा मोठे असते आणि तेवढी हालचाल मध्यरेषा बिघडवायला पुरेशी असते. जागा ठरवतात त्या डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खुंट्या. हे पक्के समजले की पुढच्या टप्प्यांचा क्रम असाच का, हेही समजते.

येथे गृहीत धरलेली गाडी अशी: पाइपांची चौकट, लांबीच्या दिशेने बसवलेले इंजिन, मागच्या चाकांना ताकद, एका कोरड्या प्लेटचा क्लच आणि हाताने बदलायचे गिअर. उदाहरण म्हणून फोर्ड सिएराचा पाच गिअरांचा टाइप ९ गिअरबॉक्स घेतला आहे, कारण ब्रिटनमध्ये लोटस सेव्हनच्या धर्तीवर घरी बांधल्या जाणाऱ्या गाड्यांत तो फार वापरला गेला आहे आणि त्याचे बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचे घंटेसारखे आवरण, वेगळे निघत असल्याने मोजमाप कसे करायचे हे त्यावर स्पष्ट दाखवता येते. आपल्याकडे मारुती जिप्सीचा गिअरबॉक्सही विचारात घेण्याजोगा आहे. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेला नसून मागे वेगळा बसवलेला असतो, म्हणून तो सोडून केवळ गिअरबॉक्स वापरता येतो.

टप्पा १: हाताशी काय असावे

व्हर्नियर कॅलिपर, खोली मोजण्याचा डेप्थ गेज, एक सरळ पोलादी पट्टी, ०.०१ मि.मी. वाचणारा डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड, टॉर्क रेंच, क्लच प्लेट मध्यावर धरण्याचा अलाइनमेंट शाफ्ट, आणि बेल हाउसिंगच्या बोल्टांच्याच आट्याचे दोन लांब स्टड. डायल गेज विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणावा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नये.

इंजिन स्टँडवर किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे, चौकटीत नाही. सगळी मोजमापे आणि पहिली जुळणी बाकावरच झाली पाहिजे. चौकटीवर माउंटिंगचे कान आधी वेल्ड करून मग गिअरबॉक्स त्यांत बसवण्याचा खटाटोप ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे. तसे केल्यास गिअरबॉक्सची जागा वेल्डिंग ठरवते आणि डॉवेल पिनांना काही अर्थ उरत नाही.

गिअरबॉक्स जोडण्याआधी आतून ठीक आहे याची खात्री करावी. इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा, शाफ्ट वरखाली हलवून बेअरिंगची ढिलाई पाहावी, आणि पुढचे तेलसील बदलावे. आतले गिअर बदलायचे असतील तर तेही याच वेळी ठरवावे. साध्या टाइप ९ मध्ये पहिला गिअर ३.६५ आणि दुसरा १.९७ गुणोत्तराचा आहे, त्यामुळे पहिल्यात ६,५०० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन सुमारे ३,५०० वर येऊन पडते. शर्यतीच्या कॅमशाफ्टला एवढ्या कमी फेऱ्या मानवत नाहीत, म्हणून अनेक जण लांब, म्हणजे कमी गुणोत्तराचा, पहिला गिअर घालून घेतात. गाडी पूर्ण झाल्यावर हा विचार सुचला तर सगळे पुन्हा उतरवावे लागते.

टप्पा २: कागदावरची जुळणी

कोणताही भाग कापण्यापूर्वी किंवा बनवण्यापूर्वी पुढील मापे घ्यावीत आणि प्रत्येक माप दोनदा घ्यावे.

१. बेल हाउसिंगची खोली: इंजिनकडच्या पृष्ठभागापासून गिअरबॉक्सकडच्या पृष्ठभागापर्यंत.
२. गिअरबॉक्सच्या पुढच्या पृष्ठभागापासून इनपुट शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी, शिवाय टोकाच्या गुळगुळीत भागाची लांबी आणि व्यास.
३. इंजिन ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागापासून पायलट बेअरिंगच्या दर्शनी भागापर्यंतचे अंतर, बेअरिंगची रुंदी आणि क्रँकशाफ्टमधल्या भोकाचा तळ.
४. इनपुट शाफ्टवरील दात्यांची संख्या आणि बाहेरचा व्यास. क्लच प्लेटचा मधला भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळला पाहिजे, तर प्लेटचा बाहेरचा व्यास इंजिनच्या फ्लायव्हीलला आणि प्रेशर प्लेटला.

ही मापे कशी वापरायची ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, हाउसिंगची खोली १६५ मि.मी., इंजिन आणि हाउसिंग यांना जोडणारी मधली अडॅप्टर प्लेट १२ मि.मी. जाड आणि शाफ्ट गिअरबॉक्सच्या पृष्ठभागापासून १९० मि.मी. लांब आहे. म्हणजे शाफ्टचे टोक ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या १३ मि.मी. आत पोहोचते. पायलट बेअरिंग ४ मि.मी. आतपासून सुरू होत असेल आणि १५ मि.मी. रुंद असेल, तर शाफ्ट त्यात केवळ ९ मि.मी. शिरतो. प्लेट ८ मि.मी. जाडीची घेतली तर शाफ्ट १७ मि.मी. आत जातो आणि बेअरिंगची १३ मि.मी. रुंदी वापरली जाते. भोकाचा तळ २२ मि.मी. आत असल्यास टोकापुढे ५ मि.मी. मोकळी जागाही राहते. केवळ ४ मि.मी. जाडीने जोडणी अपुरीची पुरेशी होते, म्हणून प्लेटची जाडी हाताशी असलेल्या पत्र्यावरून नव्हे, तर या हिशेबावरून ठरवावी.

सावधान: शाफ्ट आखूड पडणे जितके वाईट, तितकेच तो लांब पडणेही वाईट. टोक क्रँकशाफ्टच्या तळाला टेकले तर बोल्ट आवळताना क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो आणि त्याचे पुढेमागे सरकणे रोखणारे थ्रस्ट बेअरिंग थोड्याच वेळात खलास होते. टोकापुढे किमान २ ते ३ मि.मी. जागा असावी, आणि दाते संपून गुळगुळीत भाग सुरू होतो तिथली पायरी बेअरिंगला घासू नये.

इंजिन मुळात पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतले असेल, जसे फोर्डचे झीटेक, तर आणखी एक गोष्ट आधी पाहावी. अशा गाड्यांत बहुधा पायलट बेअरिंग लागतच नाही, त्यामुळे क्रँकशाफ्टमध्ये त्याची जागा तयार नसते किंवा वेगळ्या व्यासाची असते. या जोड्यांसाठी तयार स्पिगॉट (म्हणजेच पायलट) बेअरिंग मिळतात. मिळत नसल्यास क्रँकशाफ्टच्या भोकात घट्ट बसेल अशी बुशिंग लेथवर करून घ्यावी, आणि तिचे आतले व बाहेरचे व्यास एकाच पकडीत कापून घ्यावेत. पायलट बेअरिंगशिवायच जोडून टाकण्याचा मोह होतो. पण ज्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची रचना पुढच्या टोकाला आधार धरून केलेली आहे, तो शाफ्ट एका बेअरिंगवर डुलत राहतो आणि आतले गिअर वाकडे घासू लागतात.

टप्पा ३: अडॅप्टर प्लेट

तयार बेल हाउसिंग मिळत असेल तर तेच घ्यावे. प्लेट करूनच घ्यायची असेल तर ती घरच्या ड्रिल मशीनवर करू नये. इंजिनच्या डॉवेलची दोन भोके, हाउसिंगच्या डॉवेलची दोन भोके आणि मधले मोठे भोक ही पाचही एकाच पकडीत, व्हीएमसी (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग) मशीनवर झाली पाहिजेत. पुण्यात भोसरी, कोल्हापुरात शिरोली, नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड येथे अशी कामे करणारी छोटी वर्कशॉप्स पुष्कळ आहेत. एका नगाचे काम घ्यायला काही जण नाखूश असतात, पण मापांचे स्वच्छ रेखाचित्र हातात दिले की नकार बहुधा येत नाही.

हे रेखाचित्र बोल्टांच्या भोकांवरून काढू नये. क्रँकशाफ्टचा मध्य हा शून्यबिंदू मानून तिथून दोन्ही डॉवेलची अंतरे द्यावीत. हाउसिंगच्या बाजूला हाच शून्यबिंदू म्हणजे गिअरबॉक्सचा बेअरिंग रिटेनर ज्यात बसतो त्या मधल्या मोठ्या भोकाचा मध्य. बोल्टांची भोके या दोन मोजमापांनंतर येतात आणि त्यांना अर्धा मि.मी. सैल ठेवले तरी चालते. शक्य असल्यास ब्लॉकची आणि हाउसिंगची मापे सीएमएम (तिन्ही दिशांनी अचूक मोजणाऱ्या) मशीनवर घ्यावीत. कागदावर शाईचा ठसा उमटवून त्यावरून केलेली प्लेट मी एकदा बसवली होती. सगळे बोल्ट सहज गेले, आणि डायल गेजवर एकूण फरक १ मि.मी.हून जास्त निघाला. ती प्लेट भंगारात टाकावी लागली.

अॅल्युमिनियमची प्लेट हलकी पडते आणि शर्यतीसाठी चालते, पण डॉवेलसाठी पुरेशी जाडी हवी. प्लेटमध्ये बुडवायच्या बोल्टांची डोकी पृष्ठभागाच्या खाली राहिली पाहिजेत. एक जरी डोके अर्धा मि.मी. वर राहिले, तर हाउसिंग त्यावर तिरके बसते.

तपासणी: प्लेट आणि ब्लॉक यांच्यावर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. जुना रंग, गंज, गॅस्केटचे तुकडे, डॉवेलच्या भोकाभोवतीच्या धातूच्या उठलेल्या कडा हे सर्व बारीक कानशीने आणि थिनरने साफ करावे. पुढच्या टप्प्यातली निम्मी चूक पुष्कळदा या कचऱ्यातूनच येते.

टप्पा ४: डायल गेजने मध्यरेषा जुळवणे

बहुतेक जण हा टप्पा वगळतात. तो नीट केल्यास एक संध्याकाळ जाते.

गिअरबॉक्स न जोडता केवळ बेल हाउसिंग, आणि असल्यास अडॅप्टर प्लेट, डॉवेलसह ब्लॉकवर बसवावे आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळावेत. हाताने आवळलेल्या हाउसिंगवरचे वाचन खरे नसते. डायल गेजचा चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर किंवा क्रँकशाफ्टच्या फ्लँजवर लावावा. फ्लायव्हील अॅल्युमिनियमचे असेल तर चुंबक धरत नाही, तेव्हा स्टँडखालची पोलादी पट्टी बोल्टाने बांधावी. गेजची सुई हाउसिंगच्या मधल्या मोठ्या भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवावी. स्पार्क प्लग काढून ठेवावेत, म्हणजे क्रँकशाफ्ट पुढच्या पुलीच्या बोल्टाने सहज आणि हळू फिरवता येतो.

सुई वरच्या बिंदूवर असताना गेज शून्य करावा आणि घड्याळाच्या दिशेने तीन, सहा आणि नऊ वाजताच्या जागी वाचन लिहून घ्यावे. समजा, वर ०, तीनवर +०.१०, खाली +०.३० आणि नऊवर +०.२० मि.मी. आले. आधी वाचन विश्वासार्ह आहे का ते पाहावे. वर आणि खाली यांची बेरीज ०.३०, तीन आणि नऊ यांची बेरीजही ०.३०. या दोन बेरजा जुळल्या नाहीत तर स्टँड हलला आहे किंवा भोक गोल राहिलेले नाही. अशा वेळी वाचन पुन्हा घ्यावे, आणि फिरून शून्यावर आल्यावर सुई खरोखर शून्य दाखवते का तेही पाहावे.

प्रत्यक्ष सरकलेले अंतर वाचनाच्या निम्मे असते. उभ्या दिशेने ०.१५ मि.मी., आणि आडव्या दिशेने ०.२० व ०.१० यांच्या फरकाच्या निम्मे, म्हणजे ०.०५ मि.मी. सुई जिथे जास्त दाबली गेली तिथे भिंत क्रँकशाफ्टच्या मध्याच्या जवळ आहे. येथे ती खाली जवळ आहे, म्हणजे हाउसिंग प्रमाणापेक्षा वर बसले आहे आणि ते ०.१५ मि.मी. खाली व ०.०५ मि.मी. नऊच्या बाजूला सरकायला हवे.

एकूण वाचनाची सर्वसाधारण मर्यादा ०.१३ मि.मी., म्हणजे इंचाचे पाच हजारांश भाग, मानली जाते. आपल्या उदाहरणात ती ओलांडली आहे. दुरुस्तीसाठी मध्य सरकवलेल्या, म्हणजे ऑफसेट, डॉवेल पिना वापराव्यात. त्या साधारणतः ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंच अशा मापांत मिळतात, म्हणजे जवळपास ०.१८, ०.३६ आणि ०.५३ मि.मी. येथे ०.१८ मि.मी.च्या पिना पुरेशा आहेत. दोन्ही पिनांचे सरकलेले तोंड एकाच दिशेला, म्हणजे खाली आणि किंचित नऊच्या बाजूला ठेवावे. एक पिन एका दिशेला आणि दुसरी भलत्या दिशेला राहिली तर हाउसिंग बसतच नाही किंवा ताणाखाली बसते. पिना बसवल्यावर बोल्ट पुन्हा पूर्ण टॉर्कने आवळून चारही वाचने नव्याने घ्यावीत.

भोक मध्यावर आल्यानंतर पृष्ठभाग काटकोनात आहे का ते मोजायचे. सुई आता हाउसिंगच्या गिअरबॉक्सकडच्या पृष्ठभागावर टेकवून एक पूर्ण फेरी फिरवावी. मर्यादा तेवढीच, ०.१३ मि.मी. ही फेरी चालू असताना क्रँकशाफ्ट सतत एकाच दिशेला, पुढे किंवा मागे, दाबून धरावा. क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने थोडी नैसर्गिक ढिलाई असते आणि ती दाबून धरली नाही तर वाचनात मिसळते, मग नसलेला तिरकेपणा दिसू लागतो. खरोखर तिरकेपणा निघाला तर हाउसिंगचा पृष्ठभाग मशीनवर सरळ करून घ्यावा.

काही गिअरबॉक्सचे बेल हाउसिंग पेटीसह एकाच ओतकामात असते आणि त्यात असे उघडे भोक मिळत नाही. तेव्हा मध्यरेषेची सगळी जबाबदारी अडॅप्टर प्लेटवरील डॉवेलच्या भोकांवर येते आणि सीएमएमचे मोजमाप ऐच्छिक राहत नाही.

तपासणी: याच वेळी क्रँकशाफ्टची लांबीच्या दिशेची ढिलाई पुढच्या पुलीवर गेज लावून मोजावी आणि तो आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. तो पुढे लागणार आहे.

टप्पा ५: स्टार्टर आणि रिंग गिअर

स्टार्टर जोडून पाहण्याची वेळ हीच आहे, कारण हाउसिंग पारदर्शक नसते आणि गिअरबॉक्स बसल्यावर आतले काही दिसत नाही. फ्लायव्हील नव्या बोल्टांनी बसवून स्टार्टर हाउसिंगला लावावा आणि त्याचा छोटा गिअर हाताने बाहेर ओढून फ्लायव्हीलच्या कडेवरील दातेरी रिंग गिअरमध्ये अडकवून पाहावा. तो रिंग गिअरच्या रुंदीत पूर्ण शिरला पाहिजे, आणि मागे गेल्यावर रिंग गिअरपासून स्पष्टपणे दूर राहिला पाहिजे. अडॅप्टर प्लेटने हाउसिंग जितके मागे गेले तितकाच स्टार्टरही मागे जातो, हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते. दातांत अगदी थोडी मोकळीक असावी. फ्लायव्हील पूर्ण फिरवून तीन-चार ठिकाणी ही तपासणी करावी.

फ्लायव्हीलविषयी एक गंभीर सूचना. मुळात कमी फेऱ्यांच्या इंजिनावरचे जुने ओतीव लोखंडी फ्लायव्हील हलके करण्यासाठी कापून शर्यतीत वापरू नये. ते फुटले तर तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेने येतात. पोलादी फ्लायव्हील घ्यावे. ड्रॅग शर्यतींत बेल हाउसिंगसाठी एसएफआय या अमेरिकी संस्थेचे ६.१ हे सुरक्षा मानक याच धोक्यापायी लागू आहे. गाडी ज्या स्पर्धेसाठी बांधत आहात तिचे नियम आधी वाचून मगच हाउसिंग निवडावे.

टप्पा ६: क्लच आणि रिलीज बेअरिंग

फ्लायव्हीलचा आणि प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसावा. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर प्लेट फ्लायव्हीलवर दोन्ही बाजूंनी ठेवून मधला उंचवटा कुठे बोल्टांना लागतो ते पाहावे. प्लेट जोडण्यापूर्वी तिचा मधला भाग इनपुट शाफ्टवर सरकवून पाहावा, तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. दात्यांवर वंगणाचा अगदी पातळ थर पुरतो. जास्त लावले तर ते फिरताना प्लेटवर उडते.

अलाइनमेंट शाफ्ट घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा-अर्धा आटा आवळावेत. शेवटपर्यंत शाफ्ट सहज आतबाहेर होत राहिला पाहिजे.

पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा, इनपुट शाफ्टभोवती बसणारा हायड्रॉलिक सिलिंडर आता बऱ्याच गाड्यांत लावला जातो, आणि त्याची सर्वाधिक अडचण मोजमापाची असते. हाउसिंग ब्लॉकवर असताना त्याच्या गिअरबॉक्सकडच्या पृष्ठभागापासून प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांपर्यंतचे अंतर मोजावे. मग गिअरबॉक्सच्या पुढच्या पृष्ठभागापासून पूर्ण मागे दाबलेल्या रिलीज बेअरिंगच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे मोकळी जागा. बेअरिंग बनवणाऱ्याने आकडा दिलेला असेल तर तोच पाळावा, नसेल तर ३ ते ४ मि.मी. ठेवावी. क्लच प्लेट झिजत जाते तशी डायफ्रॅमची बोटे गिअरबॉक्सच्या दिशेने सरकतात. मागे जागा नसेल तर बेअरिंग त्यांना कायम दाबून धरते आणि क्लच घसरू लागतो. नवी गाडी उत्तम चालली आणि दोन महिन्यांनी क्लच घसरू लागला, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हीच राहून गेलेली मोकळी जागा असते.

पेडलकडचा मास्टर सिलिंडर अंदाजाने निवडू नये. पाऊण इंची सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे २८५ चौ. मि.मी. आहे. त्याचा दट्ट्या २५ मि.मी. सरकला तर सुमारे ७,१०० घन मि.मी. तेल ढकलले जाते. रिलीज सिलिंडरचे क्षेत्रफळ ७०० चौ. मि.मी. असेल तर बेअरिंग सुमारे १० मि.मी. पुढे जाते. क्लचला ७ मि.मी. लागत असतील आणि मोकळी जागा वजा करून तेवढे उरत असतील तर ठीक. जास्त होत असल्यास पेडलखाली पक्का थांबा बसवावा, नाहीतर डायफ्रॅमची बोटे वाकतात.

सावधान: या सिलिंडरची नळी हाउसिंगच्या भोकातून रबरी बुशमधून बाहेर काढावी आणि ती फ्लायव्हीलला कधीच लागणार नाही अशी बांधावी. गिअरबॉक्स जोडण्यापूर्वी बाकावरच तेल भरून जोड गळत नाहीत हे पाहावे, पण रिलीज बेअरिंगसमोर आधार नसताना पेडल दाबू नये. दट्ट्या बाहेर पडतो.

टप्पा ७: प्रत्यक्ष जोडणी

दोन लांब स्टड हाउसिंगच्या समोरासमोरच्या भोकांत बसवावेत. गिअरबॉक्स दोन माणसांनी किंवा चेन ब्लॉकवर, शाफ्ट क्रँकशाफ्टच्या रेषेत धरून स्टडवरून सरकवावा. एक गिअर टाकून ठेवावा आणि मागचा शाफ्ट हाताने हलके फिरवत राहावे, म्हणजे दाते एकमेकांत सापडतात.

गिअरबॉक्सचे वजन एक क्षणही इनपुट शाफ्टवर लोंबू देऊ नये. क्लच प्लेटचा मधला भाग त्याने वाकतो. तो वाक डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढे क्लच कितीही दाबला तरी पूर्ण सुटत नाही.

शेवटचे १० मि.मी. हाताच्या दाबाने मिटले पाहिजेत. फट राहिली आणि ती बोल्ट आवळून ओढून घेतली, की नुकसान त्याच घटकेला होते: पायलट बेअरिंग फुटते, प्लेट वाकते, नाहीतर हाउसिंगचा अॅल्युमिनियमचा कान तुटतो. फट मिटत नसेल तर गिअरबॉक्स मागे घ्यावा, क्लच प्लेट मध्यावर आहे का ते अलाइनमेंट शाफ्टने पुन्हा पाहावे आणि टप्पा २ मधला हिशेब उघडावा.

तपासणी: सगळे बोल्ट टॉर्कने आवळल्यावर क्रँकशाफ्टची लांबीच्या दिशेची ढिलाई पुन्हा मोजावी. ती खडूने लिहिलेल्या आकड्याएवढीच असली पाहिजे. कमी झाली असेल, तर शाफ्टचे टोक आत टेकले आहे. इंजिन सुरू न करता सगळे उतरवावे.

टप्पा ८: चौकटीत बसवणे

जोडलेले इंजिन आणि गिअरबॉक्स आता एक नग मानून चौकटीत टांगावे, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची रेषा आणि जमिनीपासूनची उंची जमवावी आणि मगच माउंटिंगचे कान टॅक वेल्ड करावेत. आधार तीन ठिकाणी द्यावा: इंजिनच्या दोन बाजू आणि गिअरबॉक्सची शेपटी. चार कडक आधार दिले तर वळणावर चौकटीला पडणारा पीळ बेल हाउसिंग झेलते आणि ते तडकते. वेल्डिंग करताना बॅटरी सुटी ठेवावी आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावावा. तो दूर लावल्यास प्रवाह गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जाऊन त्यांवर खड्डे पाडू शकतो. याच कारणासाठी रबरी माउंटिंग असलेल्या इंजिनाला जाड अर्थ पट्टा स्वतंत्र द्यावा. तो विसरला तर स्टार्टरचा प्रवाह क्लचच्या विणलेल्या नळीतून किंवा केबलमधून परतीची वाट शोधतो.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन १ ते ३ अंशांच्या दरम्यान आणि एकमेकांएवढे ठेवावेत. कोन अगदी शून्य असेल तर जॉइंटच्या क्रॉसवरील नीडल बेअरिंगच्या सुया एकाच जागी घासतात. सरकता जोड पूर्ण आत दाबून तिथून २० ते २५ मि.मी. बाहेर ओढलेल्या स्थितीत शाफ्टची लांबी ठरवावी. मागचे स्प्रिंग काढून चाके पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही टोकांना जोड तळाला टेकत नाही आणि सुटतही नाही हे पाहावे. शाफ्टभोवती पोलादी कडे असल्याशिवाय गाडी चालवू नये, कारण छोट्या गाडीत तो चालकाच्या नितंबाशेजारून जातो.

टप्पा ९: तेल आणि पहिली चाचणी

गाडी सपाट जागी ठेवून गिअरबॉक्समध्ये कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल भरावे. जुन्या पितळी सिंक्रो रिंगांच्या पेट्यांना जीएल-४ प्रतीचे तेल मानवते. डिफरन्शियलसाठी आणलेले जीएल-५ तेल उरले म्हणून त्यात ओतू नये. टाइप ९ च्या अनेक पेट्यांना खालून तेल काढण्याचा प्लग नसतो, तेव्हा चुकीचे भरलेले तेल काढणे किचकट होते.

चाचणीचा क्रम असा ठेवावा. मागची चाके उचलून गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. इंजिन बंद असताना गिअर टाकून, कोणीतरी क्लच दाबून धरला असता प्रोपेलर शाफ्ट हाताने मोकळा फिरतो का ते पाहावे. मग स्पार्क प्लग काढलेल्या स्थितीत स्टार्टर फिरवावा आणि आवाज ऐकावा. त्यानंतरच इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करावे.

आवाज कुठून येतो यावरून दोष कळतो. क्लच दाबताच गुरगुर सुरू होत असेल तर आधी रिलीज बेअरिंगकडे पाहावे. क्लच सोडलेला, न्यूट्रलमध्ये आवाज आणि क्लच दाबल्यावर शांतता असेल तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे. गिअर टाकून क्लच दाबून धरल्यावरच बारीक किंकाळी येत असेल तर पायलट बेअरिंगकडे, कारण त्याच स्थितीत क्रँकशाफ्ट फिरतो आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असतो. गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी हाउसिंगचे डायल गेजचे वाचन पुन्हा घ्यावे.

पहिले ५० किलोमीटर हलक्या पायाने चालवून गाडी पुन्हा उचलावी. हाउसिंगचे, माउंटिंगचे आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत. हाउसिंगच्या तळाच्या फटीजवळ टॉर्च धरून पाहावे: काळी कोरडी धूळ थोडी असणे स्वाभाविक आहे, ओलसर चिकट धूळ असेल तर वास घ्यावा. इंजिन तेलाचा वास क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलकडे, गिअर तेलाचा उग्र वास इनपुट शाफ्टच्या सीलकडे बोट दाखवतो, आणि ब्रेक तेल असेल तर रिलीज सिलिंडरचा जोड गळतो आहे.